लकव्यानंतर रक्त काय सांगते?

लकव्याचा माणूस दवाखान्यातून घरी येतो तेव्हा त्याच्यासोबत एक फाइल येते. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावात ज्या घरात असा रुग्ण आहे तिथे ती बघायला मिळते. सीटी स्कॅनची काळी फिल्म, डिस्चार्ज कार्ड आणि त्यामागे रक्ताच्या तपासण्यांचे कागद : सीबीसी, सीआरपी, साखर, लिपिड प्रोफाइल, क्रिएटिनिन, एखाद्या फाइलमध्ये होमोसिस्टिन नाहीतर डी-डायमरसुद्धा. काही आकडे ठळक छापलेले असतात, म्हणजे ते ठरलेल्या प्रमाणाच्या बाहेरचे, वाढलेले किंवा घटलेले. घरातला शिकलेला मुलगा ते ठळक आकडे मोजतो आणि भेटायला येणाऱ्या जाणत्या माणसाला विचारतो, "एवढं बिघडलंय, मग आबा चालायला लागतील का?"

प्रश्न रास्त आहे. जगभरचे मेंदूविकारतज्ज्ञ अनेक वर्षांपासून याच प्रश्नामागे आहेत, आणि उत्तर अर्धेच हाती आले आहे. पण ते अर्धे उत्तरही खेड्यातल्या घराला उपयोगी पडणारे आहे. फक्त ज्या आकड्यांकडे आपण घाबरून बघतो, त्यांपेक्षा उपयोगाचे आकडे बहुधा दुसरेच असतात.

लकवा हा शहरातल्या बैठ्या, सुखवस्तू लोकांचा आजार, अशी समजूत बरीच वर्षे होती. मुंबईत डॉ. प्रफुल्ल दलाल यांच्या पथकाने २००५-०६ मध्ये लोकवस्तीत जाऊन नोंदी केल्या. वर्षाला लाखामागे सुमारे १४५ जणांना आयुष्यातला पहिला झटका येतो आणि त्यांतल्या दहापैकी आठांचा झटका रक्तवाहिनी तुंबल्यामुळे असतो, असे त्यांना आढळले. मग गडचिरोलीत 'सर्च' संस्थेच्या डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंचा दोन वर्षे माग काढला. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्याने झाले होते. मृत्यूचे सर्वांत मोठे एकटे कारण तेच होते. त्याहून मनाला लागणारी गोष्ट अशी की, यांपैकी ८७ टक्के माणसे घरीच गेली. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झाले. विदर्भाच्या जंगलपट्ट्यात जर हे चित्र, तर मराठवाड्यातल्या गावांनी स्वतःला सुरक्षित समजण्याचे काही कारण नाही.

आता प्रत्यक्ष घडते काय, ते पाहू. मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के, पण विश्रांतीतसुद्धा शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा जवळपास पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. साठा असा काही नाहीच. गुठळीने रक्तवाहिनी बंद झाली की तिच्या थेट पुढचा भाग काही मिनिटांत मरतो. त्याच्या भोवतीचा भाग मात्र आजूबाजूच्या वाहिन्यांतून झिरपणाऱ्या थोड्याशा रक्तावर तग धरून असतो. तो काम करत नाही, पण मेलेलाही नसतो. सगळी धावपळ असते ती या काठावरच्या भागासाठी. अमेरिकन तज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला : मोठी वाहिनी तुंबलेली असेल तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी जातात.

मरणाऱ्या पेशींमधून एटीपी, एचएमजीबी-१ यांसारखी रसायने बाहेर सांडतात. मेंदूत कायम वस्तीला असणाऱ्या मायक्रोग्लिया नावाच्या राखण करणाऱ्या पेशी ती ओळखून जाग्या होतात. त्या इंटरल्युकिनसारखे निरोपे सोडतात. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा सैल पडतो. काही तासांत रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशी तिथे जमू लागतात आणि पहिल्या एक ते तीन दिवसांत त्यांची गर्दी सर्वाधिक असते. मागून मोनोसाइट, त्यानंतर लिम्फोसाइट येतात. यालाच दाह म्हणायचे. मेंदूतला हा दाह त्वचेवरच्या गळवासारखा डोळ्यांना दिसत नाही, पण त्याची बातमी रक्तातून यकृतापर्यंत जाते. इंटरल्युकिन-६ यकृताला आदेश देते आणि यकृत सीआरपी हे प्रथिन तयार करून रक्तात सोडू लागते. साधारण दोन दिवसांत ते शिखरावर पोहोचते. फाइलमधला सीआरपीचा ठळक आकडा या वाटेने आलेला असतो.

दाह म्हटले की तो थांबवलाच पाहिजे, असे आपल्याला वाटते. पण पावसात घर कोसळल्यावर ढिगारा उपसायला आलेली माणसे घाईत शेजारची धड भिंतही पाडतात आणि तरी ढिगारा उपसल्याशिवाय नवे घर उभे राहत नाही, तसे हे काम आहे. एमएमपी-९ नावाचे एक विकर घ्या. सुरुवातीच्या तासांत ते रक्तवाहिन्यांचे अस्तर कुरतडते, सूज वाढवते, रक्तस्रावाचा धोका वाढवते. म्हणून प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते तेव्हा रोखले, तर फायदा झाला. पण तेच विकर आठवड्याने रोखले, तेव्हा मेंदूची दुरुस्ती अडली आणि प्राणी कमी सुधारले. विकर तेच आणि मेंदूही तोच. फरक फक्त दिवसांचा. दाहाविषयी बोलताना 'किती' इतकेच 'केव्हा' हेही विचारावे लागते, आणि रक्ताचा एक सुटा आकडा हे 'केव्हा' सांगत नाही.

आता फाइलमधला सर्वांत साधा कागद काढू. सीबीसी ही तालुक्याच्या लॅबमध्येही होणारी स्वस्त तपासणी. तिच्यात पांढऱ्या पेशींची टक्केवारी दिलेली असते. समजा, झटक्याच्या दुसऱ्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल ८१ आणि लिम्फोसाइट ९ आहेत. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा, ९ येतात. निरोगी माणसात हे गुणोत्तर साधारण १ ते ३ च्या दरम्यान असते. ते जितके चढे, तितका झटका मोठा आणि तीन महिन्यांनंतरची स्थिती वाईट असण्याची शक्यता अधिक, असे देशोदेशीच्या अभ्यासांत वारंवार दिसले आहे.

या गुणोत्तरात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यूट्रोफिल वाढतात ते दाहामुळे. लिम्फोसाइट मात्र घटतात, आणि त्याचे कारण उलट दिशेचे आहे. मोठ्या झटक्यानंतर शरीरात कॉर्टिसोल आणि ॲड्रिनलिन वर्गातली संप्रेरके उसळतात आणि ती संसर्गाशी लढणाऱ्या पेशींनाच दाबून टाकतात. म्हणजे मेंदूत दाह आणि उरलेल्या शरीरात प्रतिकारशक्तीचा दुष्काळ, हे एकाच वेळी चालू असते. त्याच दिवसांत रुग्णाची गिळण्याची क्रिया बिघडलेली असते. पाण्याचा घोट, डाळीचे पाणी, स्वतःची लाळ अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरते आणि न्यूमोनिया होतो. झटक्यातून वाचलेली कितीतरी माणसे आठवडाभरात जातात ती या न्यूमोनियाने.

इथे सीआरपी कामाला येते. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना हे प्रथिन सापडले ते न्यूमोनियाच्याच रुग्णांच्या रक्तात. लकव्यानंतर पहिल्या दोन दिवसांत सीआरपी चढली, तर तो बहुधा मेंदूतल्या इजेचा पडसाद. पण उतरणीला लागलेली सीआरपी चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा उसळली, सोबत बारीक ताप आणि जोराचा श्वास असेल, तर छातीकडे किंवा लघवीच्या संसर्गाकडे लगेच बघायला हवे. एका आकड्यापेक्षा दोन आकड्यांमधली चाल अधिक सांगते. म्हणून कागद टाकू नका, तारखेप्रमाणे लावून ठेवा. आणि तुलना करण्याआधी एकक पाहा. एखादी लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर लिहिते, दुसरी प्रति डेसिलिटर. दोन्हींत दहापटीचा फरक पडतो आणि त्यापायी घरे उगाच हादरतात किंवा उगाच निश्चिंत होतात.

मात्र या दोन्ही आकड्यांवरून कुणाचे भविष्य सांगता येत नाही. गुणोत्तर ९ असलेला माणूस शेताच्या बांधापर्यंत चालत गेल्याची आणि ३ असलेला अंथरुणाला खिळल्याची उदाहरणे डॉक्टरांना नवी नाहीत. मधुमेह, बिडी, हिरड्यांचा जुना आजार, एखादे स्टेरॉइडचे इंजेक्शन, यांतल्या कशानेही हे आकडे हलतात. झटका किती मोठा, वय किती, आधीची तब्येत कशी, हे माहीत असल्यावर रक्ताचा आकडा त्यात भर घालतो ती थोडीच.

नव्या तपासण्यांपैकी दोन लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. चेतातंतूंच्या सांगाड्यातले न्यूरोफिलामेंट हे प्रथिन तंतू तुटले की रक्तात येते आणि कित्येक आठवडे तिथे राहते. नुकसान किती झाले, हे ते बऱ्यापैकी सांगते. दुसरे जीएफएपी. माझ्या मते आपल्यासारख्या भागासाठी सगळ्यांत आशेची तपासणी हीच. मेंदूत रक्तस्राव झाला तर आधार देणाऱ्या ॲस्ट्रोसाइट पेशी एकदम फुटतात आणि हे प्रथिन तासाभरात रक्तात चढते. गुठळीच्या झटक्यात त्या सावकाश मरतात, म्हणून ते उशिरा चढते. बाहेरून दोन्ही लकवे सारखेच दिसतात, पण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन एकात तारते आणि दुसऱ्यात मारते. आज हा फरक ओळखायला सीटी स्कॅन लागतो. रुग्णवाहिकेतच बोटाएवढ्या नळीतल्या रक्तावरून तो ओळखता येईल का, याचे अभ्यास जर्मनीत झाले आहेत आणि निकाल आशादायक आहेत. पण अजून ही रोजच्या उपचाराची रीत झालेली नाही. तोवर सीटीला पर्याय नाही.

मग दाह कमी करणारे औषध का देत नाहीत? देऊन पाहिले आहे. न्यूट्रोफिलना मेंदूत शिरू न देणारे एन्लिमोमॅब नावाचे प्रतिपिंड ६२५ रुग्णांच्या चाचणीत वापरले गेले. २००१ मध्ये निकाल आला : औषध मिळालेल्यांची स्थिती अधिक वाईट झाली, त्यांच्यात मृत्यूही जास्त होते. २०२४ मध्ये चीनमधल्या चान्स-३ चाचणीत तर सीआरपी चढलेलेच ८,३४३ रुग्ण निवडले आणि त्यांना कोल्चिसिन हे दाहशामक दिले. ९० दिवसांत पुन्हा झटका येण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ६.३ टक्के, न घेणाऱ्यांत ६.५. म्हणजे काहीच फरक नाही. अंगात दाह आहे हे ओळखणे आणि तो नेमका कुठे, केव्हा, किती दाबायचा हे कळणे, यांत अजून मोठे अंतर आहे.

हिंगोली जिल्ह्यात हे लिहिताना हळदीचा विषय टाळता येत नाही. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, हिंगोलीचा हळदीचा बाजार राज्यभर ठाऊक आहे, आणि हळद दाह कमी करते हे इथल्या पोरालाही पाठ आहे. हळदीतल्या कर्क्युमिनचा दाहशामक गुण प्रयोगशाळेत दिसतो, हे खरे. पण पोटातून ते रक्तात फार थोडे उतरते, आणि लकव्याच्या रुग्णाला त्याने फायदा होतो असे सिद्ध करणारी भक्कम मानवी चाचणी नाही. भाजीत हळद जरूर घाला. गिळता न येणाऱ्या माणसाच्या तोंडात हळदीचे दूध मात्र घालू नका. ते छातीत गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो.

'ब्रेन टॉनिक' म्हणून लिहून दिल्या जाणाऱ्या सिटिकोलीनचेही तसेच. २०१२ मध्ये २,२९८ रुग्णांच्या चाचणीत त्याने काही फायदा दिसला नाही. पैसे मोजकेच असतील तर ते फिजिओथेरपीवर घालावेत.

याउलट एक चाचणी अशी आहे की ती प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या भिंतीवर लावावी. ऑस्ट्रेलियात १९ रुग्णालयांतल्या परिचारिकांना तीनच गोष्टी काटेकोर करायला शिकवले. ताप ३७.५ अंश सेल्सियसला गेला की लगेच उतरवायचा. साखर ठरावीक वेळी मोजून ताब्यात ठेवायची. आणि गिळण्याची तपासणी केल्याशिवाय तोंडाने काहीही द्यायचे नाही. २०११ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. ९० दिवसांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीत ५८ टक्के होते, ते या रुग्णालयांत ४२ टक्के झाले. नवे औषध नाही, महागडे यंत्र नाही. ताप आणि चढी साखर दोन्ही मेंदूची इजा वाढवतात, न्यूमोनिया तर वाढवतोच. तिन्ही वाटा परिचारिकांनी अडवल्या. थर्मामीटर आणि ग्लुकोमीटर हिंगोली जिल्ह्यात कुठेही मिळतात. बाकी लागते ते लक्ष.

पुढचा टप्पा सुधारण्याचा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मेंदूची सूज ओसरते, दाह निवतो, काठावरच्या ज्या पेशी तगल्या त्या पुन्हा काम करू लागतात. हात थोडा उचलतो, जीभ वळते. नेमक्या याच काळात रुग्णाला कुठल्यातरी गावी 'लकव्याचे औषध' द्यायला नेतात. काही ठिकाणी कबुतराचे रक्त अंगाला चोळतात. हात हलला की श्रेय त्या औषधाला जाते. हे करणाऱ्या कुटुंबांना मी नावे ठेवणार नाही, कारण आपल्या माणसासाठी ती काहीही करायला तयार असतात. पण या फेऱ्यांत रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या सुटतात. व्यायामाचे सोन्यासारखे आठवडे जातात, ते वेगळेच.

ते आठवडे किती मोलाचे, हे २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या एका चाचणीने दाखवले. ७२ रुग्णांच्या या चाचणीत हाताच्या व्यायामाचे २० तास जास्तीचे दिले, कुणाला पहिल्या महिन्यात, कुणाला दोन-तीन महिन्यांनी, कुणाला सहा महिन्यांनंतर. सर्वांत जास्त सुधारले ते दोन-तीन महिन्यांनी व्यायाम मिळालेले. सहा महिन्यांनंतरच्यांना जास्तीच्या तासांचा फायदा दिसला नाही. घाईही उपयोगाची नाही. पहिल्या २४ तासांतच रुग्णाला वारंवार, जोर लावून उठवणाऱ्या एका मोठ्या चाचणीत परिणाम उलट थोडे वाईट आले. आपल्याकडे १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांवर 'अटेंड' ही चाचणी झाली. एका गटात घरच्यांना थोडे शिकवून त्यांच्याकडूनच व्यायाम करून घेतला, दुसऱ्यात फक्त नेहमीचे उपचार ठेवले, तरी सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ४७ टक्के मृत किंवा परावलंबी होते. म्हणजे घरच्यांच्या प्रेमाला प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टची जागा घेता येत नाही. हिंगोलीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तालुक्याच्या ठिकाणी आठवड्यातून काही दिवस फिजिओथेरपिस्ट बसावा, ही मागणी गावांनी लावून धरायला हवी.

आणखी एक रक्ततपासणी आपल्याकडे मोलाची आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने गावातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ पुरुषांचे रक्त तपासले. त्यांतल्या ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते आणि निम्म्याहून अधिकांचे होमोसिस्टिन चढलेले होते. चढे होमोसिस्टिन आणि लकवा यांचा संबंध आहे, आणि बी-१२ ची कमतरता स्वस्तात भरून निघते. रिपोर्टमध्ये होमोसिस्टिनचा आकडा ठळक असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा.

पण रक्तातल्या या सगळ्या खुणांहून मोठा आकडा रक्त न काढता मिळतो, तो म्हणजे रक्तदाब. तो आशाताई मोजू शकतात, आरोग्य उपकेंद्रात मोजता येतो, त्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. पहिल्या लकव्याचे आणि दुसऱ्याचेही सर्वांत मोठे कारण तोच आहे. हात हलायला लागला म्हणून गोळ्या बंद करणे, ही गावोगाव घडणारी सर्वांत महाग चूक.

ज्यांच्या घरी अजून असे काही झालेले नाही, त्यांना एवढेच सांगणे. तोंड वाकडे झाले, हात उचलला की खाली पडतो, बोलणे अडखळते, यांतले एक जरी दिसले तर घड्याळ पाहा आणि वेळ कागदावर लिहा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सहसा झटक्यापासून साडेचार तासांपर्यंतच देतात. तोंडात पाणी घालू नका. ॲस्पिरिनही देऊ नका, कारण झटका रक्तस्रावाचा असू शकतो. १०८ ला फोन करा आणि जिथे रात्रीही सीटी स्कॅन होतो अशाच ठिकाणी थेट न्या. ते ठिकाण कोणते, हे त्या वेळी शोधत बसायला सवड नसते. म्हणून हिंगोलीत, नांदेडला किंवा आणखी कुठे ही सोय चोवीस तास आहे, याची आजच चौकशी करा आणि तिथला फोन नंबर घराच्या दाराआड मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.